भरलेली अंडी : ऑर्डर घेण्यापूर्वी

सिंदी मेघेसारख्या वर्ध्याला लागून असलेल्या वस्तीत वलीमा किंवा शेतावरच्या दावतीसाठी भरलेली अंडी पुरविणे हा थोड्या भांडवलाचा जोडधंदा आहे. एका ट्रेत 30 अंडी, म्हणजे 60 नग. मात्र ताज्या अंड्याची साल चिकटते आणि माल वाया जातो. म्हणून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी घ्यावीत. उकळत्या पाण्यात 12 मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात टाकावीत. जास्त उकळल्यास बलकाभोवती हिरवट कडा येते. बलकात चक्का, हिरवी मिरची, कोथिंबीर कालवावी. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो. अशा उष्म्यात तयार अंडी तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत. सारण बर्फावर वेगळे न्यावे आणि मांडवातच भरावे. खराब कापड बदलून देता येते. पाहुणे आजारी पडले तर गिऱ्हाईक कायमचे तुटते.