फुलांचे वाफे आणि शेजारचे मांजर

बंगळूरच्या दक्षिणेस १९७० च्या दशकाच्या अखेरीस वसू लागलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आज घरांपुढे लहानशा बागाही दिसतात. तेथील झेंडूच्या वाफ्यात शेजारचे मांजर शिरते, ते खोडसाळपणाने नव्हे. विष्ठा पुरण्यास त्याला कोरडी, भुसभुशीत माती हवी असते. म्हणून वाफा ओलसर ठेवावा, रोपांमध्ये करवंट्यांचे तुकडे किंवा काटेरी काटक्या पसराव्यात आणि दूरच्या कोपऱ्यात मांजरासाठी थोडी वाळू ठेवावी. ती रोज साफ करावी. कारण विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे जंतू संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. गर्भवती स्त्रियांनी हे काम इतरांवर सोपवावे व मातीत हातमोजे घालूनच काम करावे. डांबरगोळ्या मात्र कदापि टाकू नयेत; त्या मांजरास विषासमान असतात. फुले राखताना मुक्या जिवाचा बळी जाऊ नये.