दोन दिवसांतील ठाणें-कल्याण

काखेंत कळसा नि गांवाला वळसा, ही म्हण ठाणें-कल्याणच्या परिसरांत राहणाऱ्यांस चांगलीच लागू पडते. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं गेलेला प्रवासी शनिवारीं खडकावरील किल्ला चढतो, तेथून होलीरूडच्या राजवाड्याकडे उतरणारा जुना रस्ता पायीं चालतो, आणि रविवारीं त्या शहराचा इतिहास मनांत साठवून परततो. डोंबिवलीचा गृहस्थ तर दोन ऐतिहासिक शहरांच्या मधोमध राहतो. परंतु त्यांपैकीं एकहि त्यानें सावकाश पाहिलेलें नसतें.

शनिवार कल्याणास द्यावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या प्रवासवर्णनांत या बंदराचा उल्लेख आहे. तेथें चुकून शिरलेलें ग्रीक गलबत पहाऱ्यांत भडोचला नेलें जाई, असें तो सांगतो. एखादें बंदर मुद्दाम अडवावें लागतें, यावरूनच त्याच्या व्यापाराचें मोल कळतें. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांतहि कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. खाडीकांठच्या दुर्गाडीवर उभें राहिलें म्हणजे या स्थळाचें महत्त्व ध्यानीं येतें. 1657 सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडींत जहाजें बांधण्यास आरंभ केला. मराठ्यांच्या आरमाराचें पाळणाघर तें हेंच. पुढें 1886 सालीं अमेरिकेंत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचें बालपणहि याच गांवांत गेलें.

दुपारीं गाडीनें तिसरें स्टेशन अंबरनाथ गांठावें. वालधुनीच्या कांठचें शिवालय शके 982, म्हणजे इ. स. 1060 मधील, शिलाहारांच्या काळचें आहे. येथें देवदर्शनासाठीं वर चढावें लागत नाहीं. पायऱ्या उतरून खालीं गाभाऱ्यांत जावें लागतें. बाहेरील भिंतींवरील मूर्ति पाहण्यास मात्र तासभर तरी हवा.

रविवारीं ठाणें. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी येथेंच येऊन थांबली. मासुंदा तलाव व कौपीनेश्वर पाहून झाल्यावर किल्ल्याकडे वळावें. पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतलेला हा किल्ला 1737 सालीं मराठ्यांनीं व 1774 सालीं इंग्रजांनीं घेतला. गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे यांस येथें कोंडलें होतें. पहारा गोऱ्या शिपायांचा. त्यांस मराठी कळेना. बाहेर एक मोतद्दार घोड्याची चाकरी करतां करतां गाणीं म्हणे आणि त्यांतूनच सुटकेचा बेत आंत पोंचवी, अशी कथा सांगतात. 1816 च्या सप्टेंबरांत त्रिंबकजी निसटले, आणि पुढल्याच वर्षीं पेशवे व इंग्रज यांचें युद्ध पेटलें.

त्याच किल्ल्याचा पुढें तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तरुणांस 19 एप्रिल 1910 रोजीं तेथेंच फांशीं देण्यांत आलें. प्रेक्षकास तो तट बाहेरूनच पाहावा लागतो. तरी मुलांस बोटाशीं धरून त्या तटापाशीं घटकाभर उभें राहावें. रोज ज्या गांवावरून गाडी धांवते, तें केवळ एक स्टेशन नव्हे, हें त्यांस घरच्या वडिलांनीं सांगितलें नाहीं, तर दुसरें कोण सांगणार?