तापलेल्या गाडीला थंड डोकं!

स्पोर्ट्स कार घेतली, हौसेनं ट्रॅकवर नेली आणि चौथ्याच राउंडला तिनं मान टाकली तर? दुबईत राहणाऱ्या माझ्या दादाच्या बाबतीत अगदी हेच झालं. मग सुरू झाली एका ऑइल कूलरची शोधमोहीम... आणि घरातलं शीतयुद्ध!

"बंद नाही पडली गं, फक्त पळत नाहीये," हेल्मेट काढत दादा म्हणाला. चेहरा असा, की दहावीचा निकाल लागलाय आणि गणित गेलंय!

दुबई ऑटोड्रोमचा ट्रॅक-डे होता. डिसेंबरची छान हवा, पिटमध्ये एकाहून एक सॉल्लिड गाड्या आणि त्यात आमच्या दादाची सेकंडहँड निसान ३७०झेड. सुट्टीसाठी पुण्याहून गेलेली मी कॅमेरा सरसावून उभी होते. पहिले तीन राउंड झकास झाले. चौथ्याला गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर आली ती एखाद्या रिक्षासारखी. मागून आलेल्या चार गाड्या तिला ओलांडून गेल्या.

वहिनी माझ्या शेजारीच होती. ती काहीच बोलली नाही. हे जास्त डेंजर असतं. कारण पुण्यातल्या फ्लॅटच्या बुकिंगसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून ही गाडी आली होती. "फ्लॅट पुढच्या वर्षी" असं ठरलं होतं. आता इंजिन गेलं असतं, तर ते पुढचं वर्षही पुढे गेलं असतं.

घरी जाताना तिनं एकच वाक्य टाकलं, "यापुढे एकदा जरी असं झालं ना, तर गाडी विकायची."

पाणी गार, ऑइल गरम

मला आधी वाटलं, रेडिएटरचा काहीतरी लोचा असेल. पण पाण्याच्या तापमानाचा काटा अगदी शहाण्यासारखा मध्यावर होता. गडबड होती ती शेजारच्या दुसऱ्या मीटरवर. ३७०झेडच्या डॅशबोर्डवर मधोमध तीन छोटी मीटर असतात, त्यातलं एक इंजिन ऑइलच्या तापमानाचं. चौथ्या राउंडला ते १४० अंशांच्या आसपास पोचलं होतं.

ऑइल म्हणजे फक्त वंगण, असं आपण धरून चालतो. पण इंजिनच्या पोटात जिथे पाणी पोचत नाही, तिथली उष्णता ऑइलच वाहून नेतं. पिस्टनची खालची बाजू, क्रँकशाफ्टची बेअरिंग्ज, कॅमशाफ्ट हे सगळं त्याच्याच भरवशावर. साधारण ९० ते ११० अंशांत ते खूश असतं. १३० च्या पुढे ते इतकं पातळ व्हायला लागतं, की दोन धातूंमधला त्याचा पापुद्रा विरळ होतो. शिवाय ते लवकर 'जळतं', म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे गुणधर्म जातात. बेअरिंग एकदा घासलं, की इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

म्हणूनच गाडीच्या कॉम्प्युटरनं काय केलं? इंजिनची ताकद आपणहून कमी केली. याला म्हणतात लिंप मोड. लंगडत का होईना, पण घरी जा! दादाची गाडी बिघडली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती.

आणि हा प्रकार काही त्याच्या एकट्याच्या गाडीचा नाही. २००९ साली ३७०झेड बाजारात आली, तेव्हा ट्रॅकवर चाचणी घेणाऱ्यांनाही हाच अनुभव आला होता. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ३२५ हून जास्त हॉर्सपॉवर, पण सुरुवातीच्या गाड्यांना कंपनीकडून ऑइल कूलरच नव्हता. पुढे काही मॉडेल्समध्ये निसाननं तो स्वतःच द्यायला सुरुवात केली. दादाची गाडी त्याआधीची!

गंमत म्हणजे ऑइल कूलर आपल्याला अगदी अनोळखी नाही. दादाच्या कॉलेजच्या दिवसांतल्या पल्सर २२० ला होता की! इंजिनाजवळची ती छोटी काळी जाळी आठवतेय? तोच तो. पोर्शे ९११ ची इंजिनं तर १९९८ पर्यंत पाण्याशिवाय, हवेवर आणि ऑइलवरच थंड होत होती.

"आधी आकडे दाखव!"

त्याच रात्री दादानं लॅपटॉपवर एक किट पसंत केलं. ३४ पट्ट्यांचा भलामोठा कूलर, लाल-निळे चकाचक जोड. 'बाय'वर बोट जाणार, एवढ्यात वहिनी आली. ती एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिनं विचारलं, "हाच का? छोटा का नको? आणि मुळात लागतोच का? आधी आकडे दाखव."

दादाकडे आकडे नव्हते. मग वहिनीनं एक्सेल शीट उघडली! पुढचे दोन आठवडे दादा ऑफिसला जाता-येता मीटर बघायचा आणि घरी येऊन आकडे सांगायचा. शेख झायेद रोडवर वेगात : १०० च्या आसपास. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर : १०५. ट्रॅकवरचे आकडे त्या दिवशीच्या मोबाइलच्या व्हिडिओतून काढले. पहिला राउंड ११०, दुसरा ११९, तिसरा १२९ आणि चौथ्याला लंगडी!

चित्र एकदम क्लिअर झालं. रोजच्या वापरात गाडीला कूलरची गरज शून्य. ट्रॅकवर मात्र पर्याय नाही. म्हणजे असा कूलर हवा, जो ट्रॅकवर काम करेल आणि एरवी गपचूप बसेल.

तेव्हा तुम्ही वीकेंडला एक्स्प्रेस-वेनं लोणावळ्याला जाणारे असाल, तर हा लेख मजेसाठी वाचा. पाकीट काढू नका!

मोठा म्हणजे भारी?

अल कूझ हा दुबईतला गॅरेजेसचा भाग. तिथे दादाचे एक केरळचे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. दादानं ३४ पट्ट्यांचा फोटो दाखवल्यावर ते हसले. "मीटर क्या बोलता है?" त्यांचाही पहिला प्रश्न हाच! वहिनीनं विजयी मुद्रेनं शीट पुढे केली.

चहा घेत उस्तादांनी क्लासच घेतला. पहिला धडा म्हणजे जास्त थंड ऑइलही वाईटच. इंजिनमध्ये जमणारी पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश ऑइल नीट तापल्यावरच उडून जातो. ऑइल कायम ७० अंशांवर राहिलं, तर ते घट्ट राहतं आणि खराबही होतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कूलर नाहीच, ती आहे थर्मोस्टॅट. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये एक चकतीसारखी प्लेट बसते, तिला सँडविच प्लेट म्हणतात. ऑइल तिथूनच कूलरकडे वळतं. थर्मोस्टॅट त्या प्लेटमध्येच असतो. ८० अंशांच्या आसपास तो उघडायला लागतो. तोपर्यंत जवळजवळ सगळं ऑइल इंजिनातच फिरतं. दादाच्या त्या चकाचक किटमध्ये थर्मोस्टॅट नव्हताच!

दुसरा धडा जागेचा. ३७०झेडमध्ये कूलर बसतो पुढच्या बंपरच्या आत, एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या समोर. म्हणजे कूलरनं गरम केलेली हवाच त्या दोघांना मिळणार. दुबईच्या उन्हाळ्यात एसीचा वारा अडवणं म्हणजे घरात तिसरं महायुद्ध! त्यामुळे गरजेपुरताच कूलर घ्यायचा. उस्तादांनी २५ पट्ट्यांचा सुचवला.

तिसरा धडा प्रकाराचा. एकात नळ्या आणि पातळ पाती असतात. तो स्वस्त, पण कामाला थोडा कमी. दुसऱ्यात चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. तो महाग, पण त्याच जागेत जास्त उष्णता टाकतो आणि दणकटही असतो. स्वीडनची सेट्रॅब, ब्रिटनची मोकाल ही त्यातली जुनी नावं. दादानं दुसरा प्रकार घेतला.

दादानं एक शेवटचा प्रयत्न केला. एका अपघातग्रस्त गाडीचा कूलर अर्ध्या किमतीत मिळत होता. उस्तादांनी साफ नकार दिला. आधीच्या गाडीचं इंजिन बसलं असेल, तर धातूचा चुरा कूलरच्या पट्ट्यांत अडकून राहतो. तो धुऊन पूर्ण निघत नाही आणि तुमच्या नव्या ऑइलबरोबर थेट बेअरिंगमध्ये जातो. "सेकंडहँड गाडी लो, सेकंडहँड कूलर नहीं!"

रविवारचा उद्योग

रविवारी उस्तादांनी गॅरेज उघडं ठेवलं, दादाला पाना दिला आणि स्वतः स्टुलावर बसले. बंपर उतरला. ऑइल काढलं, फिल्टर काढला. कूलर बसवताना खाली रबराचे बुश टाकले, कारण गाडीचा सांगाडा खड्ड्यात हलतो आणि कूलर घट्ट आवळला तर त्याला चीर जाते. त्याची दोन्ही तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा अडकत नाही.

पाइप होते एएन-१० मापाचे. यातला दहा म्हणजे इंचाच्या सोळा भागांतले दहा. पाइप कुठेही टोकदार पत्र्याला घासत नाही ना, चाक पूर्ण वळवल्यावर टायरला लागत नाही ना, हे उस्तादांनी हात फिरवून बघितलं. ॲल्युमिनियमच्या जोडांवर जोर लावायचा नाही, त्यांचे आटे चटकन जातात. दादा हाताला येईल तितकं आवळायला निघाला होता. उस्तादांनी टॉर्क रेंच पुढे केला.

मग नवं ऑइल. गाडीत एरवी सुमारे पाच लिटर मावतं, कूलर आणि पाइपमुळे पाऊण लिटर जास्त लागलं. पण लगेच स्टार्टर मारून इंजिन चालू नाही केलं! आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन नुसतंच थोडं थोडं फिरवलं, म्हणजे रिकाम्या कूलरमध्ये ऑइल भरतं आणि बेअरिंग कोरडी राहत नाहीत.

दादा स्टार्टचं बटण दाबत होता, मी मोबाइलवर शूट करत होते. ऑइलचा लाल दिवा विझला आणि त्याच क्षणी गाडीखालून उस्ताद ओरडले, "बंद! बंद करो!"

सँडविच प्लेटच्या कडेनं ऑइल वाहत होतं. जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहिलं होतं आणि दादानं न बघता त्यावरच प्लेट बसवली होती. एकावर एक दोन वायसर! इंजिन चालू असतं, तर पूर्ण दाबानं सगळं ऑइल बघता बघता जमिनीवर आलं असतं. मग एवढा खटाटोप कशासाठी केला?

दादा पांढराफटक पडला. "मी बघितलंच नाही," एवढंच म्हणाला. वहिनी चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं कापडाची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पूस. परत लाव. मी टॉर्च धरते."

पुन्हा ट्रॅकवर

तीन आठवड्यांनी पुन्हा ऑटोड्रोम. त्याआधी दादानं दोनदा गाडी उचलून प्रत्येक जोड कोरडा आहे का ते बघितलं होतं. ट्रॅकवरही पहिले दोन राउंड दमानं घेतले. मग पूर्ण वेगात. तिसरा राउंड ११२, पाचवा ११५, आठवा ११६. काटा तिथेच थांबला! गाडी थकण्याआधी दादाच थकला.

किट, ऑइल, मजुरी मिळून खर्च झाला तीन हजार दिरहमच्या आत. फ्लॅटचं बुकिंग ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी. एक्सेल शीटही चालू आहे, आता त्यात ऑइल बदलण्याच्या तारखांचा एक कॉलम वाढलाय.

आणि वहिनी? निघताना तिनं हळूच विचारलं, "पुढच्या वेळी मी चालवू का दोन राउंड?"

दादाचं तापमान किती झालं, ते मीटरवर दिसलं नाही!

कूलर घेण्याआधी...

● आधी ऑइलच्या तापमानाचं मीटर बघा. नसेल तर आधी मीटर बसवा, कूलर नंतर.
● थर्मोस्टॅट नसलेलं किट रोजच्या गाडीला नको.
● गरजेपुरताच मोठा घ्या. मागच्या एसीला आणि रेडिएटरलाही हवा लागते.
● जुना, वापरलेला कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.
● फिल्टर काढल्यावर जुनं वायसर निघालंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा!
● वॉरंटी आणि इन्शुरन्सवर काय परिणाम होईल, ते आधीच विचारून घ्या.
● बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत ऑइलची पातळी आणि सगळे जोड पुन्हा तपासा.