ट्रॉल्या, तक्रार आणि वकिलाची नोटीस

दारात उभ्या राहिलेल्या पोस्टमनने सहीसाठी कागद पुढे केला, की आमच्या पिढीच्या माणसाच्या पोटात आजही गोळा येतो. साधे पत्र तो खालच्या पेटीत टाकून जातो. सही मागतो म्हणजे काहीतरी कोर्टाचे, कराचे नाहीतर बँकेचे. २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीची शेव-चकली अजून डब्यांत होती तेव्हा, असाच एक लांबट लिफाफा आमच्याकडे आला. आत चार पानी इंग्रजी नोटीस. मी आमच्या किचन ट्रॉल्यांविषयी इंटरनेटवर जे काही लिहिले होते, त्यामुळे वकीलसाहेबांच्या अशिलाची 'बाजारातील अनेक वर्षांची प्रतिष्ठा' धुळीला मिळाली होती. पंधरा दिवसांत मजकूर काढून टाका, लेखी माफी मागा आणि नुकसानभरपाई म्हणून पंचवीस लाख रुपये द्या. नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही.

मी नोटीस दोनदा वाचली. हिने चष्मा लावून एकदाच वाचली आणि विचारले, "अहो, पंचवीस लाख म्हणजे हे घरच की हो!"

आता मूळ भानगड सांगतो. निवृत्तीनंतर आलेल्या पैशांतून आम्ही स्वयंपाकघर नवे करून घेतले. तीस वर्षे फळ्यांवर डबे रचून संसार केलेल्या बाईला ट्रॉल्या हव्या होत्या आणि ते रास्तच होते. दुकानदाराने छापील पत्रक दिले, त्यावर ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील, दहा वर्षांची गॅरंटी. एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये मोजले. मे महिन्यात काम झाले, जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गणपतीपर्यंत सिंकच्या बाजूच्या तिन्ही बास्केटांना तांबूस डाग धरले. ताटे काढताना चॅनेल अडकू लागले. आमच्या नातवाने फ्रिजवरचे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे मॅग्नेट सहज बास्केटला लावून पाहिले, तर ते घट्ट चिकटले! ३०४ ग्रेडच्या स्टीलला लोहचुंबक असा चिकटत नाही, एवढे मला कारखान्यातल्या नोकरीमुळे ठाऊक होते. दुकानात सहा फोन केले, दोनदा प्रत्यक्ष गेलो. "माणूस पाठवतो साहेब" हे वाक्य इतक्यांदा ऐकले, की पुढे पुढे ते मीच त्यांच्याआधी म्हणू लागलो.

शेवटी मुलीने सांगितले, "बाबा, इंटरनेटवर लिहा." मी लिहिले. अकरा ओळी आणि दोन फोटो. तारखा, रक्कम, फोन किती केले, सगळे. आणि शेवटी, रागाच्या भरात, आणखी एक वाक्य लिहिले: 'हे लोक चोर आहेत.'

माझा एक वर्गमित्र ठाण्याच्या कोर्टात पस्तीस वर्षे वकिली करतो. नोटीस घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि मला एकच प्रश्न विचारला, "पंचवीस लाखांचा दावा लावायचा तर दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीत पंचवीस लाख लिहायला काय लागतं?"

"काय?"

"शाई."

मग त्याने मला कायदा समजावला. बदनामी हा आपल्याकडे दिवाणी अपराधही आहे आणि फौजदारीसुद्धा. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातलेले ४९९ वे कलम. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत तेच ३५६ वे झाले. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या संहितेने समाजसेवेची शिक्षाही त्यात घातली आहे. हे कलमच घटनाबाह्य ठरवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, ती २०१६ साली फेटाळली गेली. मात्र त्याच कलमात दहा अपवाद आहेत आणि ग्राहकाच्या कामाचे त्यांतले दोन. लोकहितासाठी सांगितलेले सत्य ही बदनामी नव्हे, हा पहिला. स्वतःच्या वा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान ही बदनामी नव्हे, हा नववा. दिवाणी दाव्यात तर विधान खरे होते एवढे सिद्ध झाले तरी पुरते.

"म्हणजे मी जिंकेन?" मी विचारले.

"जिंकशील. पण अपवाद हे आरोपीनं सिद्ध करायचे असतात. तोवर तारखा." थोडे थांबून तो म्हणाला, "अकरा ओळींतल्या दहा ओळी पुराव्याच्या आहेत. अकरावी तुझ्या रागाची. तेवढी काढ आणि उत्तर पाठवू या."

मी घरी आलो. हिला दोन रात्री झोप नव्हती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य माझ्या वडिलांनी आयुष्यभर जपले. भाऊबंदकीत एक गुंठा सोडून दिला पण तारखेला उभे राहिले नाहीत. त्यांचाच मी मुलगा. मित्राने एक ओळ काढायला सांगितली होती. मी सगळा मजकूर काढून टाकला. फोटोसकट. माफी मागितली नाही, एवढीच काय ती मर्दुमकी. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पुढे काहीही आले नाही. अर्थात का येईल? त्यांचे काम झाले होते.

पूर्वी असे होत नसे, याचे कारण दुकानदार तेव्हा सोशीक होते असे नव्हे. वाण्याने डाळीत खडे घातले तर आपण वाणी बदलायचो आणि गिरणीच्या रांगेत, लोकलच्या डब्यात, हळदीकुंकवाला चार जणांना सांगायचो. शब्द नुसते हवेत असत. ते कोण बोलले, कधी बोलले, याचा कागद नसे. आता तीच कुजबुज लेखी झाली, तारीखवार झाली, फोटोसह झाली. चार जणांऐवजी चार हजार जण वाचू शकतात, हे ग्राहकाचे बळ. आणि तिच्याखाली आपले नाव असते, हा वकिलाला मिळालेला पत्ता.

भीती घालण्याचे हे तंत्र मात्र इंटरनेटच्याही आधीचे आहे. लंडनमधील काही कार्यकर्ते मॅकडोनाल्ड्सच्या खाद्यपदार्थांवर आणि धंद्याच्या रीतीवर टीका करणारे पत्रक वाटत असत. १९९० साली कंपनीने त्यांतील पाच जणांवर बदनामीचा दावा लावला. पाचापैकी तिघांनी माफी मागून सुटका करून घेतली. (त्या तिघांविषयी मला आता विशेष जिव्हाळा वाटतो.) उरले दोघे: हेलन स्टील नावाची माळीकाम करणारी बाई आणि डेव्ह मॉरिस हा पूर्वीचा पोस्टमन. बदनामीच्या खटल्याला तिथे सरकारी कायदेमदत मिळत नव्हती, म्हणून ते स्वतःच उभे राहिले. सुनावणी १९९४ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि तीनशेहून अधिक दिवस चालली. १९९७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला, ६० हजार पौंडांची भरपाई ठरली. पण काही मुद्द्यांवर न्यायाधीशांनी टीका खरी असल्याचेही नोंदवले. ते पैसे कंपनीने कधी वसूल केले नाहीत. २००५ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरवले, की एवढ्या बलाढ्य कंपनीपुढे या दोघांना कायदेमदत न देणे हा न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग होता. दरम्यान पंधरा वर्षे गेली होती. ब्रिटनने २०१३ साली कायदा बदलला. आता तिथे कंपनीला बदनामीचा दावा चालवायचा तर आपले गंभीर आर्थिक नुकसान झाले किंवा होण्याची शक्यता आहे, हे दाखवावे लागते.

ती चळवळीतली माणसे होती. निव्वळ ग्राहकाची गोष्ट हवी असेल तर ती अमेरिकेतील उटाह राज्यातली. २००८ च्या डिसेंबरात एका गृहस्थाने बायकोसाठी वीस डॉलरांच्या आतबाहेरची काही चीजवस्तू क्लिअरगिअर नावाच्या कंपनीकडून मागवली. ती आलीच नाही. बायकोने तसे लिहिले. तीन वर्षांनी कंपनी जागी झाली: आमच्या विक्रीच्या अटींत आमच्याविरुद्ध लिहायचे नाही असे कलम आहे, मजकूर काढा नाहीतर साडेतीन हजार डॉलर दंड भरा. दंड भरला नाही म्हणून तो 'थकबाकी' म्हणून नोंदवला गेला. कोर्टात जायची तसदीसुद्धा कंपनीने घेतली नाही. पुढे थंडीच्या तोंडावर घर उबदार ठेवणारी भट्टी बिघडली, तेव्हा या जोडप्याला कर्ज मिळेना. अखेर त्यांनीच दावा लावला आणि २०१४ साली न्यायालयाने त्यांना तीन लाखांहून अधिक डॉलर मंजूर केले. २०१६ च्या डिसेंबरात तिथे कायदाच झाला, की ग्राहकाचे तोंड बंद करणारी असली कलमे करारात घालता येणार नाहीत.

आपल्याकडे काय? १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, २०१९ साली तो नव्याने केला गेला. ग्राहकाने दाद कुठे मागायची, हे त्यात सविस्तर आहे. पण दाद मागण्याआधी चारचौघांत तक्रार केली म्हणून विक्रेताच ग्राहकाला कोर्टात ओढू लागला, तर ते पहिल्याच पायरीवर थांबवणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. ते न्यायाधीशांवर सोपवलेले आहे.

आणि न्यायाधीशांनी ते केलेही. मुंबईतील एका इमारतीच्या फ्लॅटधारकांनी २०१५ साली बिल्डरविरुद्ध एक फलक लावला होता. सोसायटी स्थापन होत नाही, हिशेब मिळत नाहीत, पाण्याचे प्रश्न सुटत नाहीत, अशा तक्रारींची यादी. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या वार्षिक सभेत वाचली जाते तीच. बिल्डरने बदनामीची फौजदारी केली. दंडाधिकाऱ्यांनी समन्स काढले, उच्च न्यायालयातही सुटका झाली नाही. १७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. व्ही. विश्वनाथन आणि न्या. एन. कोटिश्वर सिंह यांनी तो खटला रद्द केला. विक्रेत्याला आपल्या मालाची जाहिरात करण्याचा हक्क आहे, तसाच ग्राहकालाही कायद्याच्या चौकटीत राहून शांतपणे निषेध करण्याचा हक्क असला पाहिजे, असे त्यांनी म्हटले. नववा अपवाद इथे लागू होतो, असेही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने, प्रोटीनच्या डब्यांवर प्रयोगशाळेचे अहवाल दाखवून टीका करणाऱ्यांना अंतरिम मनाई करण्यास नकार दिला.

वर्तमानपत्रात फलकाची बातमी मी दोनदा वाचली. एका तपशिलापाशी थांबलो. त्या रहिवाशांनी फलकावर फसवणूक, लबाडी, अफरातफर असला एकही शब्द वापरला नव्हता आणि न्यायालयाने ते मुद्दाम लक्षात घेतले होते. माझी अकरावी ओळ मला आठवली. दुसरा तपशील मात्र मनातून जाईना. फलक २०१५ चा, सुटका २०२५ ची. त्या घरांतली पहिलीत असलेली मुले तोवर दहावी झाली असतील.

तरीही मी काही केले नाही. मग जूनमध्ये समोरच्या इमारतीतल्या एक बाई हिच्याकडे आल्या. नव्या ट्रॉल्या बसवल्या म्हणून पेढे घेऊन. दुकान तेच. "आम्ही बसवण्याआधी सगळीकडे पाहिलं हो," त्या म्हणाल्या, "एकही वाईट शब्द कुठे नव्हता." ही काहीच बोलली नाही. त्या गेल्यावर तिने पेढ्यांचा डबा सिंकच्या बाजूच्या बास्केटवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. तेवढे पुरे होते.

मी मित्राला फोन केला. तो म्हणाला, "जुन्या मजकुरावर दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष होती, ती केव्हाच टळली. पुन्हा लिहिलंस तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आणि तुझं मॅग्नेट म्हणजे काही प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, हेही ध्यानात ठेव." मग मी बास्केटचा एक तुकडा धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेऊन दिला, रीतसर पैसे भरले आणि पावती घेतली. अहवाल आला. स्टील ३०४ नव्हते. तो, छापील पत्रक, बिल आणि फोनच्या तारखा एका फायलीत लावून फाईल कपाटात ठेवली.

नंतर लिहायला बसलो. या वेळीही अकरा ओळी झाल्या, कारण अहवालाची एक वाढली. हिने मागे उभी राहून वाचले. शेवटी ओळ नव्हती ती तिच्या लक्षात आली. "चोर काढलंत का?" तिने विचारले.

"काढलं."

"बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी मनात म्हणणारच आहे."

समोरच्या बाईंनाही मी अहवालाची प्रत नेऊन दिली. त्यांच्या यजमानांनी ती वाचली आणि उठून मुलांच्या खोलीत मॅग्नेट शोधायला गेले.

परवा दुपारी बेल वाजली. पोस्टमन होता, सहीचा कागद हातात. मी सही करत असताना ही ओले हात पदराला पुसत दारापर्यंत आली आणि लिफाफ्याकडे पाहत माझ्या शेजारी उभी राहिली. विम्याचे पत्र होते.