सफेद डाग : लपवण्यापेक्षा इलाज लवकर हवा

मुलीच्या गालावर पांढरा डाग दिसला की घरात पहिली काळजी लागते ती रिश्त्याची. मग ‘कोणाला सांगू नका’ सुरू होते. इलाजाचा विचार फार उशिरा येतो. आम्ही शिक्षक हे वर्गात पाहतो. आधी ओढणी गालावर येते, बाह्या लांब होतात, मग मुलगी शाळेतच येईनाशी होते.

याला कोड म्हणतात, उर्दूत बरस. तो स्पर्शाने पसरत नाही आणि माशांवर दूध प्यायल्याने होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच हल्ला करते, म्हणून डाग पडतो. कुष्ठरोग वेगळा. डागावर स्पर्श कळत नसेल तर त्याची तपासणी लगेच करावी.

प्रकाशाचा उपचार जुना आहे. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार यांनी एका वनस्पतीचे बी देऊन रुग्णाला उन्हात बसवण्याचा उपाय नोंदवला. 1940 च्या दशकात इजिप्तचे डॉ. अल-मोफ्ती यांनी त्याच बियांतील घटक वापरला. आपल्याकडे बावची होती. मात्र बावचीचे तेल लावून आपल्या खानदेशी उन्हात बसल्यास त्वचा भाजून फोड येतात. घरी हा प्रयोग नको.

आज डॉक्टर 311 नॅनोमीटरचे ठराविक अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा देतात. ते हल्ला शमवतात आणि केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशींना चालना देतात. सोबत टॅक्रोलिमससारखे प्रतिकारशक्ती शांत करणारे मलम दिले तर नुसत्या प्रकाशापेक्षा गुण जास्त येतो, विशेषतः चेहऱ्यावर. बोटांची टोके दाद देत नाहीत. इलाज कित्येक महिने चालतो. मध्येच सोडू नये.

खरी अडचण फेऱ्यांची आहे. धडगाव-अक्कलकुव्याहून आठवड्यात दोनदा धुळे किंवा सुरत गाठायचे तर मजुरी बुडते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दोन गोष्टी विचाराव्यात : जवळ यंत्र कुठे आहे, आणि हातात धरायचे छोटे यंत्र त्यांच्या देखरेखीखाली घरी चालेल का?

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना एकत्र आणले, त्यांचे विवाह मेळावेही भरवले. 2006 च्या ‘नितळ’ या मराठी चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. घरच्यांनी तो मुलीसोबत बसून पाहावा.

पहिला डाग दिसताच डॉक्टर गाठा, आणि मुलीची शाळा बुडू देऊ नका.