पडद्याआधीची चौकट

शहापूर-मुरबाडकडच्या मुलाचा हात चित्रकलेत चांगला दिसला की शिक्षक त्याला एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवितात आणि घरचे विचारतात, ‘चित्रे काढून पोट भरते काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आज सांगावयाचे आहे. चित्रपट व जाहिरातपट यांच्या चित्रीकरणापूर्वी सगळा प्रसंग कागदावर चौकटीचौकटींनी काढून देणारा चित्रकार असतो. त्याच्या कामाला स्टोरीबोर्ड म्हणतात.

ते करतात कशासाठी? आपलाच कल्याण-माळशेज रस्ता घ्या. जाहिरातीत एस.टी. मुरबाड सोडून टोकावड्यावरून घाटाकडे चालली आहे. पहिल्या चौकटीत ती डावीकडून उजवीकडे जाते. पुढचे दृश्य घेताना कॅमेरावाला सावली पाहून रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, तर तीच बस पडद्यावर उजवीकडून डावीकडे धावू लागते आणि प्रेक्षकाला वाटते, गाडी काही विसरल्यामुळे कल्याणला परत निघाली! प्रत्यक्ष जागेवर ही चूक पटकन लक्षात येत नाही, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला घाट कुठे आहे हे ठाऊक असते. प्रेक्षकाला ते ठाऊक नसते. दोन चौकटी शेजारी ठेवल्या की मात्र चूक डोळ्यांत खुपते, आणि ती रबराने पुसता येते. हीच चूक माळशेजच्या धुक्यात घडली, तर पन्नास माणसे, दिवे, मोटारी व जेवणखाण यांच्यासह दिवस वाया जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी धुके तिथेच थांबेल याची हमी कोण देणार?

म्हणून या चित्रांत सौंदर्यापेक्षा स्पष्टपणा हवा. कॅमेरा किती उंचीवर, माणूस गुडघ्यापासून दिसतो की नुसते डोळे, कोण कोणत्या दिशेने वळले हे बाणांनी दाखवावयाचे. माहुलीचा सुळका सुरेख रंगवून आणला, पण नायक त्याच्याकडे पाहतो आहे की पाठ करून उभा आहे हे कळेना, तर ते चित्र भिंतीवर टांगावे, कामाचे नव्हे. अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला दहापंधरा चौकटी सहज लागतात. मालाच्या धन्याला त्या दाखवून मंजुरी घेतात, आणि धनी ऐन वेळी मत बदलतो, तेव्हा रात्रीत पुन्हा काढाव्या लागतात.

फलकावर चित्रे टाचण्यांनी लावून गोष्ट बांधण्याची रीत अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत १९३० नंतरच्या वर्षांत रुजली. पण आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर त्याआधीच पात्रांचे पोशाख व हालचाली कागदावर रेखाटून मग चित्रीकरण करीत. ‘सैरंध्री’ १९२०चा. जाहिरातीची भित्तिपत्रकेही तेच रंगवीत. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक त्या कलेचा नमुना म्हणून आजही दाखविले जाते. सत्यजित राय तर १९४३पासून कलकत्त्याच्या जाहिरात कचेरीत चित्रकार होते. ‘पथेर पांचाली’ची रीतसर लिहिलेली पटकथा त्यांच्यापाशी नव्हती, होती ती चित्रांची वही. ती घेऊन ते निर्मात्यांकडे फिरले. कोणी पैसे दिले नाहीत, पण १९५५ साली चित्रपट लोकांपुढे आला आणि पुढे ती वही पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयाला दिली गेली.

इतर वह्यांचे असे भाग्य नसते. चित्रीकरण संपले की बहुतेक चौकटी रद्दीत जातात, आणि जाहिरातीवर तर चित्रकाराचे नावही नसते. आपल्या नावाची हौस असणाऱ्याने या वाटेला जाताना हे आधी समजून घ्यावे.

आता संगणकाला वाक्य सांगितले तरी चित्र मिळते, त्यामुळे नुसत्या हातसफाईची किंमत उतरणार हे उघड आहे. बस कोणत्या बाजूने आली हे ध्यानात ठेवणाऱ्याची तितकी उतरणार नाही, असे मला वाटते. त्यासाठी मुलाने एस.टी. स्टँडवर बसून माणसे रेखाटावीत. बाजारातल्या एका भांडणाच्या सहा चौकटी काढून तिऱ्हाइताला दाखवाव्यात आणि स्वतः गप्प बसावे. त्याला भांडण कळले, तर चौकटी जमल्या.

आणि पालकहो, मोबदला चौकटीमागे ठरतो किंवा दिवसाप्रमाणे. कोणत्याही रीतीने ठरला, तरी दुरुस्त्या किती वेळा फुकट करून द्यावयाच्या, हे मुलाने काम घेण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे.