जुन्या देवीची नवी, सुरक्षित लस

लहानपणी काढलेल्या देवीचा वण माझ्या दंडावर आजही आहे. त्या लसीतला जिवंत विषाणू त्वचेत वाढे, म्हणून फोड येई. निरोगी माणूस ते सोसे. पण इसब असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शके.

जर्मनीत अँटन मायर यांनी त्याच जातीचा विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींत एकामागून एक ५०० हून अधिक वेळा वाढवला. शेवटी तो माणसाच्या शरीरात वाढेनासा झाला. रोगाशी लढायला मात्र शरीराला शिकवतो.

देवीच्याच कुळातल्या एमपॉक्सच्या साथीत, २०२४ मध्ये, त्यापासून बनवलेली लस काँगोत पोहोचली. एचआयव्हीबाधितांनाही ती देता येते. ज्यांना संरक्षणाची गरज अधिक, तेच आता वगळले जात नाहीत.